लवूळचा ‘सूड’ आणि पडद्यावरचा न्याय
मरण, हिंसा, अन्याय अशा गंभीर गोष्टींतून हसू निर्माण करणाऱ्या विनोदाला कृष्णविनोद म्हणतात, आणि कायदा बाजूला सारून स्वतःच न्याय करू पाहणारा माणूस अशा विनोदाच्या चित्रपटांत वारंवार भेटतो. निशिकांत कामत यांच्या ‘डोंबिवली फास्ट’मध्ये (२००५) माधव आपटे हा बँक कर्मचारी छापील किमतीहून जास्त पैसे मागणाऱ्या दुकानदारावर भडकतो आणि क्रिकेटची बॅट उचलतो, मात्र तिथे हसू थोडे, घुसमट फार.

पडद्याबाहेर हसू आणि सूड यांची विलक्षण सांगड जुळली ती डिसेंबर २०२१ मध्ये, बीड जिल्ह्यातील माजलगाव तालुक्यातल्या लवूळ गावी. कुत्र्यांनी वानराचे पिल्लू मारल्यामुळे वानरे कुत्र्यांची पिल्ले उचलून झाडांवर आणि छपरांवर नेतात, असे गावकरी सांगत होते; मेलेल्या पिल्लांचा त्यांनी सांगितलेला सुमारे २५० हा आकडा जगभर पसरला, त्यावर विनोदांचा पाऊस पडला, आणि अखेर वन विभागाने दोन वानरे पकडली. वास्तविक उंचावर नेलेले पिल्लू अन्नपाण्यावाचून किंवा खाली पडून मरते, त्यासाठी सूडबुद्धी गृहीत धरावी लागत नाही. परंतु लोकांना त्या मृत्यूंमागे न्यायाचा हिशेब हवा होता, आणि पिल्ले सोडवण्यासाठी गावकऱ्यांनी केलेल्या धडपडीला त्या विनोदांत जागाच मिळाली नाही.