‘ड’ जीवनसत्त्वाच्या गमीज घरातील सर्वांनाच हव्यात का?

देऊळगाव राजा (प्रतिनिधी) : उन्हाच्या झळा सोसणाऱ्या आपल्या भागात ‘ड’ जीवनसत्त्व विकत घेण्याची वेळ येईल, असे पूर्वी कोणाला वाटले नसते. आता मात्र फळांच्या चवीच्या, टॉफीसारख्या चघळायच्या गमीजची बाटली मोबाइलवरून मागविता येते. आई-वडील, मुले आणि आजी-आजोबा अशा सर्वांसाठी एकच बाटली घरात येते. हा खर्च खरोखर आवश्यक आहे का?

ऊन भरपूर, तरीही कमतरता

त्वचेवर सूर्याचे अतिनील-ब किरण पडले की शरीर स्वतःच हे जीवनसत्त्व तयार करते. यकृत आणि मूत्रपिंडे त्याला कार्यक्षम रूप देतात आणि त्यामुळे अन्नातील कॅल्शियम शोषले जाते. त्याच्या अभावी मुलांना मुडदूस होतो, तर प्रौढांची हाडे मऊ पडून दुखू लागतात.

केंद्र शासनाच्या २०१६-१८ मधील सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १ ते ४ वयोगटातील १४ टक्के, ५ ते ९ वयोगटातील १८ टक्के, तर १० ते १९ वयोगटातील २४ टक्के मुलांमध्ये ही कमतरता आढळली. ही संख्या दुर्लक्षिण्याजोगी नाही. पण बहुसंख्य मुलांमध्ये कमतरता नव्हती, हेही त्यातून दिसते.

ऊन असूनही ते अंगावर पडत नाही, हे मुख्य कारण. खिडकीची काच हे किरण अडविते. तालुक्यात बीजोत्पादनाच्या शेडनेटमध्ये राबणाऱ्या महिला पूर्ण बाह्यांचा सदरा आणि तोंडाला रुमाल बांधून काम करतात. पहाटेच्या कोवळ्या उन्हाचा समजही तपासून पाहायला हवा. त्यात हे किरण फारच कमी असतात. आपली सावली उंचीपेक्षा आखूड पडते तेव्हाचे ऊन उपयोगी. डिसेंबरात ही वेळ दुपारी बारानंतर थोडाच काळ मिळते, तर मे महिन्यात सकाळी साडेनऊच्या सुमारासच येते. त्यामुळे उन्हाळ्यात भर दुपारी उष्माघाताचा धोका पत्करण्याचे कारण नाही. पुण्यातील पुरुषांवरील, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज किमान तासभर मध्यान्हीचे ऊन आवश्यक असल्याचे दिसले होते. कार्यालयात बसणाऱ्यांना ते साधणे कठीणच.

गरज कोणाला?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार मोठ्यांना दररोज ६००, तर ज्येष्ठांना ८०० युनिट ‘ड’ जीवनसत्त्व लागते. मात्र घरातील प्रत्येकाचे गणित वेगळे असते.

तान्ही बाळे : पहिल्या वर्षी रोज ४०० युनिट द्यावेत, असे भारतीय बालरोग अकादमी सांगते. ते थेंबांच्या रूपात द्यायचे असतात. गमी घशात अडकू शकत असल्याने ती लहानग्यांना देऊ नये.

मुले व किशोरवयीन : रोज मैदानावर खेळणाऱ्या निरोगी मुलाला बहुधा गरज नसते. शाळा, शिकवणी आणि घर एवढ्यातच दिवस जाणाऱ्या मुलांबाबत बालरोगतज्ज्ञांना विचारावे.

पन्नाशीच्या आतील निरोगी प्रौढ : शिफारशीपेक्षा अधिक मात्रा घेऊ नये, असे अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटीने २०२४ मध्ये सुचविले. त्यापूर्वी २०२२ मध्ये, सुमारे २६ हजार मध्यमवयीन व ज्येष्ठ अमेरिकनांवरील चाचणीत रोज २००० युनिट घेऊनही हाडे मोडण्याचे प्रमाण घटले नव्हते.

गर्भवती व ज्येष्ठ : यांना पूरक मात्रेचा लाभ होऊ शकतो, ती डॉक्टरांनी ठरवावी.

सतत हाडे दुखणे, जिना चढताना मांड्यांत जोर नसणे, मुलाचे पाय वाकणे अशी लक्षणे असल्यास गमी हा उपाय नव्हे. अशा रुग्णाला तपासणी व उपचाराची गरज असते. गमीवर विसंबून त्यात महिने दवडले, तर नुकसान रुग्णाचेच होते.

गोड म्हणून जास्त नको

गमीत साखर असते आणि बहुतेक गमीजमध्ये कॅल्शियम नसते. ते दूध, ताक, तीळ आणि पालेभाज्यांतूनच मिळवावे लागते. काही गमीज प्राणिज जिलेटिनच्या असतात. शाकाहारी कुटुंबांनी हिरवे चिन्ह पाहावे. एका गमीत किती युनिट आहेत, हेही वाचावे.

हे जीवनसत्त्व मेदात विरघळून शरीरात साठते. प्रौढांसाठी रोजची कमाल सुरक्षित मर्यादा ४००० युनिट, तर ४ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी ३००० युनिट मानली जाते. डॉक्टरांनी काही आठवड्यांसाठी दिलेली ६० हजार युनिटची पुडी अनेक जण महिनोन् महिने घेत राहतात आणि वर गमीही खातात. अतिरेकाने रक्तातील कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठता, अतितहान आणि मूत्रपिंडाचे विकार उद्‌भवतात. मुलांच्या हाती बाटली लागू नये, ती यासाठीच.

बाटली मागविण्यापूर्वी घरात कोणाला किती ऊन मिळते, याचा विचार करावा. दूध आणि तेलाच्या पिशवीवर ‘प्लस एफ’ चिन्ह असल्यास त्यातूनही थोडे ‘ड’ जीवनसत्त्व मिळते. एवढे पाहिल्यावर घरातील एखाद्या-दुसऱ्यालाच पूरक मात्रा लागेल असे दिसले, तर त्याच्यापुरती ती डॉक्टरांना विचारून सुरू करावी. सर्वांसाठी सरसकट खर्च करण्याची गरज नाही.