डेगेची कल्हई आणि भांडी घासायचे पाणी

भांड्याच्या दुकानात गिऱ्हाईक भांडे वाजवून पाहते, वजन विचारते, भाव पाडून मागते. पण ते भांडे घरात रोज वापरले जाईल की माळ्यावर जाईल, हे ठरवते मोरीवर बसून घासणारी बाई. आम्ही कापडवाले. साडीचा रंग दुकानात कितीही खुलून दिसला तरी पहिल्या धुण्यानंतर बाई काय म्हणते, त्यावर आमचा पुढचा सौदा असतो. भांड्यांच्या धंद्याचेही तेच आहे. आमच्या बीड जिल्ह्यात तर जास्तच, कारण इथे धुण्याचे पाणी मोजून वापरावे लागते. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या उन्हाळ्यात आमच्याकडेही टँकरच्या वाटेवर घागरींच्या रांगा होत्या.

जुन्या घरात स्वयंपाक तांब्या-पितळेच्या भांड्यांत होई. चुलीवर पातेले चढवण्यापूर्वी बुडाला बाहेरून माती किंवा राख कालवून लेप देत. काजळी लेपावर बसे आणि लेपाबरोबर निघून जाई, पाणी कमी लागे. ऊसतोडीला जाणाऱ्या आमच्या जिल्ह्यातील बायका कोपीपुढे तीन दगडांच्या चुलीवर रांधतात, त्यांना ही युक्ती शिकवावी लागत नाही. आतून मात्र कल्हई हवीच. कल्हई उडालेल्या पितळेत ताक किंवा चिंचेची आमटी ठेवली की ती कळकते, आणि कळकलेले अन्न पोटात गेले की मळमळ आणि उलट्या ठरलेल्या.

स्टील आले आणि घराघरातील कल्हई सुटली. स्टीलमध्ये अन्न तांब्यापेक्षा चांगले शिजते असे मुळीच नाही. उलट पातळ स्टीलचे बूड लवकर करपते. पण स्टीलला कल्हई नको, चिंच लावून चमकवणे नको, दोन तांबे पाण्यात ताट निघते. कल्हईवाल्याची गल्लीतील हाक बंद पडली ती या हिशेबाने. यात कोणी कोणावर जुलूम केला असे आम्हास वाटत नाही.

तरी एक काम उरले आहे आणि ते लहान नाही. लग्न, वलीमा, उरूस यांच्या जेवणाच्या तांब्याच्या डेगा अजून आहेत. आपल्याकडे दालचा केल्याशिवाय दावत पुरी होत नाही, आणि दालचा म्हणजे चिंच. शेकडो माणसांचे आंबट अन्न तासन्‌तास एका डेगेत राहते. कल्हई न केलेली तांब्या-पितळेची भांडी अन्नासाठी वापरू नयेत, हे १९५५ च्या अन्न भेसळ प्रतिबंधक नियमांतही आले होते. पण डेगा भाड्याने देणारे काही जण कल्हईचा खर्च एक हंगाम पुढे ढकलतात, आणि घेणारा आत डोकावूनही पाहत नाही. डेग ठरवताना ती उजेडात आडवी करून पाहावी. आत लाल तांबे दिसत असेल तर ती घेऊ नये.

कल्हईचे काम ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. भांडे आधी घासून अगदी निर्मळ करतात. मग भात्याच्या कोळशावर तापवून आत नवसागराची पूड टाकतात. पांढरा धूर निघतो आणि तांब्यावरचा मळ सुटतो. त्यावर कथलाची कांडी टेकवतात आणि वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने क्षणात सगळीकडे फिरवतात. कथील २३२ अंशावर वितळते. आच कमी पडली तर ते धरत नाही, जास्त झाली तर जळून काळपट पडते. हे मोजायला कारागिराजवळ कोणतेच यंत्र नसते, तो धुराकडे आणि रंगाकडे पाहतो. नवसागराचा धूर छातीत जातो, म्हणून वारा पाठीकडून येईल असे बसावे.

आता खोटेपणा कुठे होतो ते पाहू. कथील शिशापेक्षा कितीतरी पटीने महाग आहे, म्हणून कांडीत शिसे मिसळतात. मिश्रण लवकर वितळते, हात सहज फिरतो, चमकही येते. पण शिसे हे विष आहे, आणि आंबटात ते उतरते. ओळख सोपी आहे. शुद्ध कथलाची कांडी कानाजवळ धरून वाकवली तर करकर असा बारीक आवाज येतो. शिसे जास्त असेल तर कांडी मुकी राहते आणि कागदावर घासल्यास करडी रेघ उमटते. कारागिराने ही कांडी गिऱ्हाइकासमोर वाकवून दाखवावी. दोन पैसे जास्त मागायला मग तोंड उघडते.

कल्हई टिकणे बावर्चीच्या हातातही असते. रिकामी डेग जाळावर ठेवली की कथील वितळून बुडाशी गोळा होते. आधी तेल किंवा पाणी, मग जाळ. आत लाकडी पळी चालवावी, लोखंडी झारा खरवडू नये. धुताना तर खरा घात होतो. खरवड निघावी म्हणून पोरे वाळू आणि तारेची घासणी घेऊन डेगेत उतरतात आणि तासाभरात कल्हई नेतात. डेग गरम असतानाच पाणी घालून रात्रभर भिजू द्यावी, सकाळी राख आणि जुन्या सुती कापडाने पुसावी. पाणीही कमी लागते. अनेकांनी कटकट नको म्हणून जर्मनच्या डेगा घेतल्या. त्या हलक्या आणि स्वस्त आहेत हे खरे, पण चिंच जर्मनलाही सोडत नाही. 

नव्या यंत्रांकडे आपल्या कारागिरांनी परकेपणाने पाहू नये. प्रेशर कुकरमध्ये बाहेरच्यापेक्षा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो जास्त दाब असतो, त्यामुळे पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशावर उकळते आणि डाळ लवकर शिजते. त्याच्या सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये कमी आचेवर वितळणारा मिश्रधातू असतो. कुकर कोरडा पडला की तो वितळून वाफेला वाट देतो. कथलाची आच ओळखणाऱ्याला हे समजायला किती वेळ लागेल? शिटीची नळी रोज उजेडाकडे धरून पाहावी, डाळीचे एक टरफल अडकले तरी धोका असतो. व्हॉल्व्ह आणि रबरी रिंग त्याच कंपनीची द्यावी.

मिक्सरचे भांडे धुवायला अर्धा पेला पाणी आणि साबणाचे दोन थेंब घालून चार सेकंद फिरवले की पुरे. खालची मोटर नळाखाली धरू नये. मिक्सर मध्येच बंद पडला तर बहुतेकांच्या तळाशी लाल खटका असतो. मोटर थंड झाल्यावर तो दाबला की पुष्कळदा काम होते. आमच्या बाजारात एक मिस्त्री आहेत, ते असा मिक्सर आला की खटका दाबून परत देतात आणि पैसे घेत नाहीत. गेल्या दिवाळीत त्यांच्या दुकानात दुरुस्तीचे मिक्सर ठेवायला जागा नव्हती.