ताऱ्याच्या वयाचा दाखला

मे महिन्याच्या अखेरीस रात्री साडेदहाच्या सुमारास गोरेगावात गच्चीवरून सरळ वर पाहिले, तर शहराच्या उजेडातही जवळजवळ डोक्यावर एक ठळक नारिंगी तारा दिसतो. तो स्वाती. अंतर सुमारे ३७ प्रकाशवर्षे, वस्तुमान साधारण सूर्याएवढे, पण व्यास सूर्याच्या सुमारे २५ पट. गाभ्यातला हायड्रोजन संपला की तारा असा फुगतो. त्याला तांबडा राक्षसी तारा म्हणतात.

जन्मदाखला नसलेल्या मुलाचे वय ठरवायला सरकारी रुग्णालयात दात पाहतात, हाडांचे एक्स-रे काढतात. राक्षसी ताऱ्याचे वय त्याच्या वस्तुमानावरून ठरते. जड तारा इंधन भराभर जाळतो आणि लवकर म्हातारा होतो. पण ताऱ्याचे वजन करायचे कसे?

डॉक्टर छातीवर बोटाने ठोकतात. हवा भरलेल्या बाजूचा आवाज पोकळ येतो, पाणी साचलेल्या बाजूचा बद्द. ताऱ्याला बाहेरून ठोकावे लागत नाही. त्याच्या पृष्ठभागाखाली खदखदणारे वायूच आत ध्वनिलहरी उठवतात. त्यामुळे ताऱ्याचे तेज अगदी किंचित कमीजास्त होते. सूर्याचे हे स्पंदन सुमारे ५ मिनिटांचे, राक्षसी ताऱ्यांचे कित्येक तासांचे, कधी दिवसांचे. सूर्याच्या अशा कंपनांवरून त्याचे अंतरंग जाणण्याचे काम मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. शशिकुमार चित्रे आणि डॉ. एच. एम. अंतिया यांनी केले. २००९ मध्ये सोडलेल्या केप्लर दुर्बिणीने हजारो राक्षसी ताऱ्यांची स्पंदने टिपली. त्यांतून ताऱ्याची सरासरी घनता आणि पृष्ठभागावरचे गुरुत्वाकर्षण कळते, आणि त्या दोहोंवरून वस्तुमान व त्रिज्या.

रक्तदाबाचे नवे यंत्र आले की ते खात्रीच्या यंत्राशी ताडून पाहतात. इथे ती खात्री जोडताऱ्यांनी दिली. दोन तारे एकमेकांभोवती फिरताना आळीपाळीने एकमेकांना झाकत असतील, तर ग्रहणाच्या कालावधीवरून आणि ताऱ्यांच्या वेगावरून दोघांचे आकार व वस्तुमाने थेट गणिताने मिळतात. ताऱ्याच्या पोटात काय चालले आहे, याचा अंदाज त्यात करावा लागत नाही. केप्लरला अशी एक जोडी सापडली. तिची प्रदक्षिणा सुमारे ४०८ दिवसांची आहे आणि तिच्यातला राक्षसी तारा स्पंदनेही दाखवतो.

२०१६ मध्ये अशा दहा जोड्यांचा ताळा प्रसिद्ध झाला. स्पंदनांच्या साध्या सूत्राने त्रिज्या सुमारे ५ टक्के आणि वस्तुमान सुमारे १५ टक्के जास्त येत होते. फरक किरकोळ वाटेल, पण वस्तुमान १५ टक्के जास्त धरले की वय जवळपास एक तृतीयांशाने कमी येते. ९ अब्ज वर्षांचा तारा ६ अब्जांचा ठरतो. आकाशगंगेचा इतिहास अशाच वयांवरून लिहिला जातो, म्हणून सूत्रात दुरुस्त्या सुरू झाल्या.

स्वातीला असे ग्रहण घडवणारा जोडीदार नाही, बहुतेक राक्षसी ताऱ्यांना नाही. त्यांच्या वयाचा दाखला स्पंदनांवरूनच लिहावा लागतो. तो बरोबर आहे की नाही, हे मात्र मूठभर जोड्याच सांगतात.