कॉफी प्या, पण कागदातून गाळून

रक्ततपासणीत कोलेस्टेरॉल वाढलेले निघाले की बरेच रुग्ण विचारतात, ‘डॉक्टरसाहेब, तेल-तूप कमी करतो, पण कॉफीचे काय?’ प्रश्न रास्त आहे. याचे उत्तर आपण कॉफी किती पितो याबरोबरच ती कशी करतो यावरही अवलंबून असते. ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते.

आपल्या वऱ्हाडात राज्य चहाचे. तरी कॉफी आपल्याला परकी नाही. अमरावती जिल्ह्यातील साडेतीन हजार फुटांहून उंच असलेल्या चिखलदऱ्याला कॉफी पिकते. सहलीला गेलेली मंडळी तेथून पूड घेऊन येतात. घरी आल्यावर मात्र ती चहासारखी पातेल्यात खळखळ उकळली जाते आणि चहाच्याच गाळणीने गाळली जाते. खरी गोम येथेच आहे.

दोष कॉफीतील तेलाचा

कॉफीच्या बीमध्ये थोडे तेल असते आणि त्या तेलात कॅफेस्टॉल नावाचा पदार्थ असतो. तो यकृताच्या कामात ढवळाढवळ करतो व रक्तातील वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एल.डी.एल., वाढवतो. नॉर्वेतील ट्रॉम्सो येथील डॉक्टरांना १९८३ मध्ये जास्त कॉफी पिणाऱ्यांचे कोलेस्टेरॉल वाढलेले आढळले. तेथे कॉफी उकळून पिण्याची जुनी पद्धत होती. पुढे कळले की, कागदातून गाळलेल्या कॉफीने कोलेस्टेरॉल फारसे वाढत नाही, कारण ते तेल कागदातच अडकून राहते.

स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये हे मोजून दाखवले. एक लिटर उकळलेल्या कॉफीत सुमारे ९४० मिलिग्रॅम कॅफेस्टॉल होते, तर कागदातून गाळलेल्या कॉफीत अवघे १२ मिलिग्रॅम. उकळलेली कॉफी कापडातून गाळली तेव्हा ते २८ मिलिग्रॅमवर आले. तारेच्या गाळणीची छिद्रे मोठी असतात, त्यामुळे तेल तिच्यातून सहज निघून जाते.

झटपट विरघळणाऱ्या कॉफीत हे तेल नगण्य असते. तेव्हा दुधात चमचाभर पूड टाकून कॉफी पिणाऱ्यांनी या तेलाची चिंता करू नये. त्यांनी साखरेची करावी!

काचेचे भांडे आणि कागद

कागदाची युक्ती जर्मनीतील मेलिटा बेंट्झ या गृहिणीची. १९०८ मध्ये तिने मुलाच्या वहीतील टीपकागद वापरून कॉफी गाळली. पुढे १९४१ मध्ये पीटर श्लुम्बोम या रसायनतज्ज्ञाने अमेरिकेत प्रयोगशाळेतील चंबू व नरसाळे एकत्र करून काचेचे ‘केमेक्स’ भांडे बनवले. आज अशी साधी काचेची भांडी व त्यांचे कागद आपल्याकडेही घरपोच मागवता येतात. ना वीज लागते, ना यंत्र.

दोन लहान कपांसाठी १५ ग्रॅम पूड, म्हणजे साधारण तीन सपाट मोठे चमचे, आणि २४० मिलिलिटर पाणी घ्यावे. पूड रव्याएवढी जाडसर हवी. मैद्यासारखी बारीक असेल तर कागद तुंबतो व कॉफी कडू होते. आधी कागद नरसाळ्यात बसवून त्यावर गरम पाणी ओतावे, म्हणजे कागदाचा वास जातो आणि भांडेही गरम होते. ते पाणी फेकून द्यावे. मग पूड घालावी. उकळी आलेले पाणी गॅसवरून उतरवून अर्धा मिनिट थांबावे. प्रथम पूड भिजेल एवढेच पाणी घालावे. पूड फुगते, फेस येतो. अर्ध्या मिनिटाने उरलेले पाणी थोडे थोडे, गोल गोल ओतावे. तीन-चार मिनिटांत काम होते. कागद एकदा वापरून टाकून द्यावा. त्यातील चोथा खताच्या खड्ड्यात घालावा.

भांडे उष्णता सोसणाऱ्या काचेचेच हवे. साध्या काचेचे भांडे उकळत्या पाण्याने तडकू शकते. लहान मुले ओट्याजवळ असताना हे काम करू नये.

अकोला, अमरावती व बुलडाणा जिल्ह्यांतील खारपाणपट्ट्यातील वाचकांनी विहिरीचे किंवा बोअरचे खारे पाणी वापरू नये. कॉफीची चव तर बिघडतेच, शिवाय रक्तदाब असलेल्यांच्या पोटात नको ते मीठ जाते. नळाचे किंवा शुद्ध केलेले गोडे पाणी घ्यावे.

कागद मिळत नसेल तर स्वच्छ, घट्ट विणीचे सुती कापड चालेल. ते रोज गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळवावे.

कागद काय अडवत नाही?

कागदात तेल अडकते, कॅफिन अडकत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार १५० मिलिलिटर गाळीव कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफिन असते आणि दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा पाळावी. चहातील कॅफिनही यातच धरायचे. म्हणजे दिवसाकाठी दोन लहान कप पुरेत. गरोदर स्त्रियांनी २०० मिलिग्रॅमच्या आत राहावे. झोप न लागणाऱ्यांनी दुपारनंतर कॉफी टाळावी. छातीत धडधड किंवा जळजळ होत असेल तर ती कमी करावी.

जेवणाआधी व नंतर एक तास चहा-कॉफी नको, कारण त्यामुळे अन्नातील लोह अंगी लागत नाही. रक्त कमी असलेल्या आपल्या आयाबहिणींनी हे कटाक्षाने पाळावे. लोहाची गोळीही कॉफीबरोबर घेऊ नये. थायरॉईडची गोळी सकाळी पाण्याबरोबर घेऊन निदान अर्धा ते एक तास थांबावे, मगच कॉफी घ्यावी. रक्तदाब तपासायला येताना अर्धा तास आधी कॉफी घेऊ नये, आकडा वाढलेला दिसतो.

नॉर्वेतील पाच लाखांहून अधिक लोकांच्या सुमारे वीस वर्षांच्या नोंदी २०२० मध्ये प्रसिद्ध झाल्या. गाळीव कॉफी पिणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण कॉफी न पिणाऱ्यांपेक्षा कमी दिसले. यावरून कॉफी हे औषध ठरत नाही. न पिणाऱ्यांनी मुद्दाम सुरू करण्याचे कारण नाही आणि कोलेस्टेरॉलची गोळी चालू असलेल्यांनी ती कागदाच्या भरवशावर मुळीच बंद करू नये. पण रोज उकळलेली कॉफी पिण्याची सवय असेल आणि कोलेस्टेरॉल वाढलेले असेल, तर आजपासून ती कागदातून गाळावी आणि पुढच्या तपासणीला जाताना आपल्या डॉक्टरांना हा बदल जरूर सांगावा.