दूरच्या बेटावर मासे पोचले कसे?

22 मार्च 2013. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात लाँग बीचच्या वाळूत ‘साइशो-मारू’ नावाची छोटी जपानी होडी येऊन लागली. दोन वर्षांपूर्वीच्या त्सुनामीत ती जपानहून वाहत निघाली होती. तिच्या एका हौदात साचलेल्या पाण्यात पाच पट्टेदार मासे चक्क जिवंत होते! जात बार्ड नाइफजॉ, जपानच्या किनाऱ्यावर खडकांच्या आसऱ्याने राहणारी. त्यातला एक पुढे ऑरेगनमधल्या सीसाइड मत्स्यालयात नांदला.

अशी बातमी आपण चमत्कार म्हणून वाचतो आणि पान उलटतो. पण सेंट हेलेना, असेन्शन, क्लिपर्टन ही ज्वालामुखीतून वर आलेली बेटे कधीच कोणत्या खंडाला जोडलेली नव्हती. तरी त्यांच्या काठच्या उथळ पाण्यात खडकाळ किनाऱ्याचे मासे आहेत. त्यांचे पूर्वज कुठून तरी समुद्र ओलांडूनच आले असणार.

या कोड्याशी डार्विनही झुंजला होता. बिया समुद्र ओलांडू शकतील का, हे पाहण्यासाठी त्याने 87 प्रकारच्या बिया खाऱ्या पाण्यात ठेवल्या. 28 दिवसांनंतर त्यांतल्या 64 प्रकारच्या बिया रुजल्या. इतका चिवट माणूस, पण मध्य पॅसिफिकची बेटे आणि अमेरिकेचा पश्चिम किनारा यांच्यामधला खोल समुद्र किनारी जीवांना ओलांडता न येणारा अडसर आहे, असे त्याने लिहून ठेवले. रुंदी सुमारे 5,000 किलोमीटर, मध्ये टेकायला खडक नाही. त्याचे म्हणणे पटण्यासारखेच होते.

2006 साली पनामातल्या स्मिथसोनियन संस्थेचे हॅरिलाओस लेसिओस आणि रॉस रॉबर्टसन यांनी या अडसराच्या दोन्ही बाजूंना आढळणाऱ्या 20 जातींचे मायटोकाँड्रियल डीएनए ताडून पाहिले. 18 जातींत दोन्हीकडच्या माशांचा जनुकीय संबंध टिकून असल्याचे दिसले. हे कळते कसे? एखादे गाव एकाच कुटुंबाने वसवले असेल, तर तिथे एखाद-दुसरेच आडनाव सापडते. लोक बाहेरून येत राहिले, तर आडनावे नाना तऱ्हेची होतात. डीएनएमधले बदल या आडनावांसारखे वाचता येतात. एखादीच जोडी चुकून आली की पुन्हा पुन्हा मासे येत राहिले, हे त्यावरून उमगते.

पण हा पल्ला गाठते कोण? बहुतेकदा मोठा मासा नव्हे, तर अंड्यातून निघालेली, काचेसारखी पारदर्शक, नखाएवढी पिल्ले. ती काही आठवडे उघड्या समुद्रात वाढतात. किती आठवडे, हे त्यांच्या कानातल्या खड्यावर लिहिलेले असते. ढोमी खाताना दाताखाली येतात ना, तेच हे पांढरे खडे. 1971 साली जॉर्जिओ पानेला यांनी ते कापून, घासून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले आणि दोन वार्षिक वलयांच्या मध्ये त्यांना साधारण 360 बारीक रेघा दिसल्या. म्हणजे रोज एक! या संशोधनाला जितकी दाद मिळायला हवी तितकी मिळालेली नाही, असे मला वाटते. पिल्लांच्या वयाचे आजचे बहुतेक हिशोब त्याच रेघांवर उभे आहेत. पुढे 1986 मध्ये बेंजामिन व्हिक्टर यांनी कॅरिबियनमधल्या एका रॅस माशात आणखी एक गोष्ट पाहिली. बूड टेकायला जागा मिळाली नाही, तर पिल्लू मोठे होणेच लांबणीवर टाकते, वाढ मंदावते आणि रेघा एकमेकींना खेटून पडू लागतात.

आता हिशोब करा. सेकंदाला अर्धा मीटर वेगाच्या प्रवाहात 5,000 किलोमीटरला जवळजवळ 116 दिवस लागतात. पंधरा-वीस दिवसांत तळ गाठणाऱ्या पिल्लाला हे झेपणारे नाही. महिनोन्‌महिने तगणाऱ्याला, प्रवाह जोरात असेल तर, झेपेल. काही मासे मात्र तरंगत्या ओंडक्याखाली किंवा शेवाळाच्या पुंजक्याखाली मोठेपणीही प्रवास करतात. अटलांटिकमधल्या माशांवरच्या 2012 च्या एका अभ्यासात मधला महासागर ओलांडणाऱ्यांत अशा तरंगत जाणाऱ्या जातींचे पारडे जड दिसले.

पोचणे एक आणि टिकणे दुसरे. क्लिपर्टन हे मेक्सिकोपासून हजार किलोमीटरहून दूर असलेले चिमुकले प्रवाळ बेट. तिथला गडद निळा, अंगावर पांढरा ठिपका असलेला क्लिपर्टन एंजलफिश जगात दुसरीकडे घर करून राहत नाही. बाहेरून भर पडत नसेल, तर त्याची नवी पिढी बेटाभोवतीच्या पाण्यातूनच परत तिथे आली पाहिजे. त्यामुळे जनुकीय अभ्यासाच्या बातम्यांतला ‘दोन्ही किनारे जोडलेले आहेत’ हा निष्कर्ष जपून वाचावा. जनुकांची सरमिसळ राखायला एका पिढीत मोजके पाहुणे पुरतात. जाळ्याने रिकामा केलेला खडक भरून काढायला हजारो लागतात, तेही दरवर्षी. दूरच्या बेटांवरच्या मासेमारीला मर्यादा घालताना ‘समुद्रातून येतीलच की नवे मासे’ या भरवशावर राहता येणार नाही.