मोतीचे १८० दिवस

गेल्या पावसाळ्यात तपासणीस आलेल्या एका आठ वर्षांच्या मुलीने मला विचारले, "डॉक्टरकाका, आमचा मोती जपानला का नाही येऊ शकत? त्याला तर दरवर्षी इंजेक्शन देतात." वडिलांची तोक्योस बदली झाली होती, दोन महिन्यांत निघायचे होते. प्रश्न पशुवैद्यांच्या प्रांतातला खरा. परंतु श्वानदंशाची लहान मुले नित्य पाहणाऱ्या बालरोगतज्ज्ञाला रेबीज परका नाही.

मोतीच्या कातडीखाली मायक्रोचिप नव्हती. जपानच्या नियमाप्रमाणे चिप आधी, लस नंतर. चिपविना दिलेली लस याच श्वानाला दिली हे सिद्ध होत नाही, म्हणून पूर्वीची सारी इंजेक्शने हिशेबाबाहेर गेली. चिपनंतर, वयाचे ९१ दिवस झालेले असता, पहिली लस. किमान ३० दिवसांनी दुसरी. मग जपानने मान्य केलेल्या प्रयोगशाळेत रक्ततपासणी. प्रतिपिंडे मिलिलिटरमागे निदान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक हवीत. मानवी लसीकरणातही हाच आकडा प्रमाण मानतात.

एवढे झाल्यावरही रक्त घेतल्या दिवसापासून १८० दिवस थांबावे लागते. पालकांना हा सरकारी छळ वाटतो. मला वाटत नाही. लस टोचतेवेळी विषाणू आधीच चेतातंतूंत शिरला असेल, तर रक्तातील प्रतिपिंडे उत्तम असूनही रोग होऊ शकतो. संसर्ग झालेल्या बहुतेक श्वानांत लक्षणे सहा महिन्यांच्या आत प्रकटतात. १९५७ नंतर जपानात प्राण्यांमध्ये रेबीज आढळलेला नाही. २००६ व २०२० मधील रुग्णांना तो परदेशातच जडला होता. आपल्या गल्लीतून जाणाऱ्या श्वानाकडे त्यांनी संशयाने पाहावे, यात नवल ते काय?

घाईने नेल्यास उरलेले दिवस तिकडच्या विलगीकरण केंद्रात काढावे लागतात. म्हणून मोतीला आजीकडे रामबागेत ठेवून रीतसर आरंभ करावा, असे ठरले. पोहोचण्याच्या किमान ४० दिवस आधी जपानी विमानतळाच्या पशुविभागाला सूचना, निघण्यापूर्वीच्या दहा दिवसांत तपासणी आणि मुंबई वा दिल्लीच्या केंद्रीय पशु-विलगीकरण कार्यालयाचे प्रमाणपत्र. कागद चोख असले की तिथली तपासणी बारा तासांच्या आत उरकते.

मुलीला "मोती पुढच्या आठवड्यात येईल" असे खोटे सांगू नका, एवढे मात्र मी आईवडिलांना बजावले. तिने कालनिर्णयावर दिवस मोजले. प्रवासाचा पिंजरा आजीने पहिल्याच आठवड्यात आणून दार उघडे ठेवले. मोती दुपारची झोप त्यातच काढू लागला.