आलेपाक : खाऊ म्हणून उत्तम, औषध म्हणून अपुरा

एसटीच्या खिडकीशी येणारी ‘आलेपाक, आलेपाक’ ही आरोळी आपल्यापैकी अनेकांच्या बालपणाशी जोडलेली आहे. मांजरसुंब्याचा घाट लागण्यापूर्वी माझी आई एक वडी हातावर ठेवीत असे. आल्याला तिखटपणा देणारे जिंजेरॉलसारखे घटक मळमळीवर काही प्रमाणात गुणकारी ठरतात; गरोदरपणातील मळमळीत त्यांचा उपयोग अभ्यासांतूनही दिसला आहे. घसा खवखवत असता वडी चघळल्याने लाळ सुटते व तात्पुरता आराम पडतो.

आलेपाक घरी करणे अवघड नाही. कोवळे, कमी दोऱ्यांचे आले सोलून थोड्या दुधात बारीक वाटावे. एक वाटी वाटणास दोन वाट्या साखर घालून मिश्रण जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर सतत ढवळावे. ते कडा सोडून गोळा होऊ लागले की तूप लावलेल्या ताटात थापावे आणि कोमट असतानाच वड्या पाडाव्यात. दुधाऐवजी पाणी वापरल्यास वडी अधिक टिकते. उरलेला चुरा टाकू नये. चिंचेच्या आमटीत किंवा लाल भोपळ्याच्या भाजीत गुळाऐवजी तो घातल्यास गोडी आणि आल्याचा झणका दोन्ही मिळतात.

मात्र या वडीत आल्यापेक्षा साखरच अधिक असते. दहा ग्रॅमच्या वडीत सुमारे आठ ग्रॅम साखर, म्हणजे जवळपास दोन चहाचे चमचे. मधुमेही व्यक्तींनी ती औषध समजून खाऊ नये. गूळ वापरल्यानेही पथ्य साधत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आल्याचे प्रमाण वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. लहान मुलांना कडक वडी देऊ नये. ती घशात अडकू शकते.

आणखी एक गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. आपल्या जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. अशीच परतलेली एक भगिनी माझ्याकडे आली, तेव्हा तिचा खोकला दोन महिन्यांचा झाला होता. पदराच्या गाठीत आलेपाकाची पुडी होती. “खडा तोंडात धरला की ढास थांबते, म्हणून आले नाही, डॉक्टरसाहेब,” ती म्हणाली. थुंकीच्या तपासणीत क्षयरोग आढळला. सहा महिन्यांच्या नियमित उपचारांनी ती बरी झाली. पण तोवर घरातील लेकरांचीही तपासणी करावी लागली.

वाचकहो, खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, सोबत संध्याकाळचा ताप, वजनात घट किंवा थुंकीत रक्त असेल, तर डबा बाजूला ठेवून जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. रक्त दिसल्यास दोन आठवडेही थांबू नये. सरकारी केंद्रात क्षयरोगाची तपासणी आणि औषधे विनामूल्य मिळतात. तपासणी करून घ्या. आलेपाक त्यानंतरही खाता येईल.